उघडलेल्या बाटलीची मुदत

जबलपूरच्या पश्चिम अंगास, मदनमहालाच्या ग्रॅनाइटी टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेला गढा हे एके काळी गोंड राजांच्या राजधानीचे ठिकाण होते. १७८१ साली हा मुलूख सागरच्या मराठ्यांच्या अंमलाखाली आला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती पडला. आणि या स्थित्यंतरांच्या ओघात दक्षिणेकडून येऊन नर्मदेच्या या काठी स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही येथे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत नांदत आहेत. गोंड राजांनी खोदविलेल्या तलावांचा हा प्रदेश पाण्याने समृद्ध, परंतु हवामानाने मोठा कठोर आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंश सेल्सियसची मर्यादा सहज ओलांडतो, आणि वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसाचा बहुतेक वाटा चार महिन्यांत कोसळत असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाऊन दिवसचे दिवस तेथेच ठाण मांडून बसते. भाजून काढणारा उन्हाळा आणि भिजवून टाकणारा पावसाळा या दोहोंमध्ये जे जे पदार्थ घरात साठविले जातात त्यांची परीक्षा होतेच; धान्याला कीड लागते, पापड सादळतात, आणि या गोष्टी डोळ्यांना दिसत असल्यामुळे गृहिणी त्यांचा बंदोबस्तही करते. औषधाच्या बाटलीतील जीवनसत्त्वाचा ऱ्हास मात्र डोळ्यांना दिसत नाही.

गढ्याच्याच परिसरात १९५५ साली स्थापन झालेले आणि आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर, सिवनी अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण तेथून परतताना रोगावरच्या औषधांबरोबर शक्तीच्या म्हणून एक-दोन बाटल्या बहुधा नेतातच. साठ किंवा शंभर गोळ्यांची बाटली घेतली की ती स्वस्त पडते, हा हिशेब कोणालाही पटण्याजोगा आहे; आणि वेष्टणावरची मुदत दोन वर्षे पुढची असली म्हणजे ती बाटली तितके दिवस निर्धास्तपणे वापरता येईल, अशी समजूत त्या हिशेबाच्या पाठोपाठ आपोआप येते. ही समजूत अपुरी आहे, आणि तिच्यामुळे गरिबाचा पैसा आणि क्वचित त्याचे आरोग्यही वाया जाते, म्हणून तिची नीट फोड करणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या देशात औषधांचा कारभार १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार चालतो. मुदतीची तारीख छापण्याचे बंधन याच नियमांनी घातलेले असून त्यांच्या 'पी' अनुसूचीत साठवणुकीच्या अटीही नमूद आहेत : थंड जागा म्हणजे १० ते २५ अंश तापमानाची जागा, त्याहून शीत जागा म्हणजे ८ अंशांच्या वर न जाणारी, आणि कॅप्सूल ठेवावयाच्या त्या नीट बंद केलेल्या पात्रात, ३० अंशांहून कमी तापमानात. एप्रिलपासून जूनपर्यंत गढ्यातील साध्या कौलारू किंवा स्लॅबच्या घरात, वातानुकूलन यंत्र नसेल तर, २५ अंशांची जागा शोधूनही सापडणार नाही. म्हणजे ज्या अटीवर कारखानदाराने मुदतीचा दाखला दिला ती अट वर्षातील कित्येक महिने बाटली न उघडताही मोडलेली असते. मुदतीची तारीख ठरविताना कारखान्यात ज्या चाचण्या होतात त्यांत ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता अशा कोठडीत सहा महिने औषध ठेवून पाहण्याची एक कठोर परीक्षाही असते, हे खरे. परंतु त्या कोठडीत जाते ती बाटली मोहोरबंद असते. रोज सकाळी झाकण फिरवून उघडावयाची, दोन गोळ्या तळहातावर ओतून एक परत आत टाकावयाची आणि घाईत झाकण अर्धवट बसवून ठेवून द्यावयाची, ही जी बाटलीची गृहस्थाघरची दिनचर्या, तिची परीक्षा त्या कोठडीत होत नाही. तेव्हा छापलेली तारीख ही बंद बाटलीची आहे. झाकण उघडल्याच्या क्षणापासून औषधाच्या रक्षणाची जबाबदारी घरच्या माणसाकडे येते, आणि तशी ती आल्याची सूचना त्याला कोणी दिलेली नसते.

येथे कारखानदाराच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जीवनसत्त्वे काळाच्या ओघात झिजतात हे औषधनिर्मात्यांना पहिल्यापासून ठाऊक असल्यामुळे वेष्टणावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा काही अधिक मात्रा गोळीत घालण्याचा शिरस्ता आहे, आणि औषधकोशांनीही त्यासाठी वाजवी सवलत ठेवलेली आहे. हेतू हा की मुदतीच्या शेवटच्या दिवशीसुद्धा लिहिल्याइतके सत्त्व गोळीत असावे. त्यामुळे उघडलेली बाटली दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होते असे मानून घाबरण्याचे कारण नाही. पण ही शिल्लक किती दिवस पुरेल हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे : आतले जीवनसत्त्व कोणते, ते कशात मिसळले आहे, आणि ते कोणत्या हवेत ठेवले आहे.

सर्वांत नाजूक प्रकृती 'क' जीवनसत्त्वाची, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाची. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते प्रथम डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लात रूपांतरित होते. येथवर शरीराला त्याचा उपयोग करून घेता येतो, पण पुढच्या पायरीवर ते जे बदलते ते कायमचे, आणि त्या अवस्थेत त्याचा रक्तपितीविरोधी (स्कर्व्हीविरोधी) गुण उरत नाही. पाणी, उष्णता आणि तांबे किंवा लोह यांसारख्या धातूंचा लेश ही तिन्ही या प्रक्रियेला वेग देतात. या गोष्टीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने संत्री आणि लिंबे देऊन खलाशांची रक्तपिती बरी करून दाखविली. परंतु लांबच्या सफरीवर ताजी फळे न्यावीत कशी, या प्रश्नाचे त्याने जे उत्तर शोधले ते असे की, रस मंद आचेवर आटवून त्याचा पाक करावा आणि तो बाटल्यांत भरून ठेवावा. आणि या पाकात मूळ रसाचे सत्त्व उरले आहे की नाही याची खातरजमा मात्र त्याने केली नाही. आटविताना आणि साठविताना ते बहुतांशी नष्ट होत होते. पुढे १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला आणि रक्तपिती हटली. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्यसमुद्राकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान लिंबांचा रस घेण्यात आला, तो उघड्या टाक्यांत निवळत ठेवला जाई आणि तांब्याच्या नळ्यांतून वाहून नेला जाई. मुळातच कमी सत्त्वाच्या त्या रसाला हवा आणि तांबे यांचा असा संसर्ग घडल्यावर त्यात काय शिल्लक राहिले असेल याची कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती, कारण जीवनसत्त्व ही कल्पनाच जन्माला यावयाची होती. लंडनच्या लिस्टर संस्थेत १९१८ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग झाले तेव्हा कोठे त्या रसाचा दुबळेपणा उघड झाला. ज्यांच्या घरी तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्याची रीत आहे त्यांनी ती खुशाल पाळावी; 'क' जीवनसत्त्वाची पाण्यात विरघळणारी गोळी मात्र त्या भांड्यात टाकू नये.

तांब्यापेक्षाही आपल्या घरातील मोठा वैरी म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात मीठ सादळते हे आपण नेहमी पाहतो. त्यामागचे कारण असे की, प्रत्येक स्फटिकी पदार्थाची एक ठराविक आर्द्रतेची मर्यादा असते, आणि हवेची आर्द्रता त्या मर्यादेच्या वर गेली की तो पदार्थ हवेतले पाणी ओढून घेऊन त्यातच विरघळू लागतो. साध्या मिठाची ही मर्यादा सुमारे ७५ टक्के आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लिसा माउअर यांनी 'क' जीवनसत्त्वाच्या संबंधात याच गोष्टीचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला : शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाची मर्यादा सुमारे ९८ टक्के, तर सोडियम ॲस्कॉर्बेट या त्याच्या क्षाराची सुमारे ८६ टक्के. यावरून शुद्ध आम्ल बरेच सुरक्षित वाटेल. परंतु चघळण्याच्या गोळीत त्याच्याबरोबर साखर, सायट्रिक आम्ल, क्षार असे अनेक घटक असतात, आणि घटक एकमेकांत मिसळले की मिश्रणाची मर्यादा कोणत्याही एकट्या घटकाच्या मर्यादेहून खाली उतरते. एकदा पदार्थ असा पाझरू लागला की काही नमुन्यांत आठवड्याभरातच सत्त्व नाहीसे होते, असे त्या अभ्यासात दिसून आले. ८६ टक्के हा आकडा गढ्याच्या श्रावणात अप्राप्य नाही. आणि ज्या स्वयंपाकघरात सकाळसंध्याकाळ भाताची वाफ आणि डाळीच्या कुकरची शिट्टी चालू आहे, किंवा ज्या न्हाणीघरात गरम पाण्याचा धूर कोंडला आहे, तेथे तो आकडा हिवाळ्यातही गाठला जातो. आणखी वाईट गोष्ट अशी की, अशा दमट हवेत झाकण उघडले की ती हवा बाटलीत शिरते आणि झाकण लावल्यावर आतच अडकून बसते. चघळण्याच्या पांढऱ्या किंवा नारिंगी गोळीवर तपकिरी ठिपके दिसू लागले, तर ऱ्हास सुरू झाल्याची ती खूण समजावी. ठिपके नाहीत म्हणून सर्व कुशल आहे असे मात्र त्यावरून ठरत नाही.

'ब' गटातील जीवनसत्त्वे एका कुटुंबातली खरी, पण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. निकोटिनिक आम्ल आणि बायोटिन ही चिवट. ती सहजासहजी बिघडत नाहीत. थायमिनला उष्णता आणि अल्कली सोसत नाही. रिबोफ्लेविनला उजेड सोसत नाही, म्हणूनच पारदर्शक बाटलीत उन्हात राहिलेल्या दुधातील रिबोफ्लेविन काही तासांत घटते. पण उजेडाला सर्वांत भिणारे म्हणजे मेथिलकोबालामिन, ब-१२ चे ते लाल रूप जे अलीकडे हातापायांना मुंग्या येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला लिहून दिले जाते. उजेड लागताच त्याचे मूळ रूप पालटू लागते, आणि त्याच्या कुप्या गडद तपकिरी काचेच्या करतात त्या याचसाठी. सुंदर दिसते म्हणून गोळ्या मूळ बाटलीतून काढून काचेच्या पारदर्शक बरणीत भरणे आणि ती बरणी खिडकीत ठेवणे यासारखा दुसरा घातक प्रकार नाही. द्रवरूप टॉनिकात ही सगळी जीवनसत्त्वे एकाच पाण्यात राहत असल्यामुळे ती एकमेकांनाही बाधतात. 'क' जीवनसत्त्व ब-१२ ला अशा द्रावणात मोडून टाकते, हे औषधशास्त्राला चांगले ठाऊक आहे. एकाच चमच्यात सर्व जीवनसत्त्वे देण्याचे आश्वासन आकर्षक असले तरी त्यामुळे बाटली उघडल्यानंतरचे आयुष्य कमी होते, आणि जेथे गोळी गिळता येते तेथे सिरपापेक्षा गोळी बरी असे माझे स्पष्ट मत आहे.

तेलात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे पाण्याला भीत नाहीत, पण हवेला आणि उजेडाला भितात. त्यातही 'अ' अधिक. या जीवनसत्त्वाच्या बाबतीत उघडलेल्या बाटलीचा प्रश्न आपल्या शासनाने केव्हाच सोडविला आहे. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना येणारे अंधत्व टाळण्यासाठी १९७० साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यानुसार बालकाला नवव्या महिन्यात १ लाख एकके आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकके तोंडाने दिली जातात. मध्य प्रदेशात दस्तक अभियानाच्या फेरीत आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती ज्या १०० मिलिलिटरच्या बाटलीतून हे तेलकट द्रावण चमच्याने पाजतात, तिच्याबाबत कार्यकर्त्यांना दिलेला निर्देश असा आहे की, बाटली उघडताच त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी, तिला उन्हापासून जपावे, आणि उघडल्यापासून आठ आठवड्यांच्या आत ती संपवावी. छापील मुदत कितीही पुढची असो, उघडलेल्या बाटलीची मुदत निराळी मोजावयाची, हे तत्त्व यात स्वच्छपणे मान्य झालेले आहे. गढ्यातील एखाद्या अंगणवाडीत शाईने तारीख घातलेली ती बाटली दिसते, आणि त्याच वस्तीतील सुशिक्षित घरात वर्षभरापूर्वी उघडलेली माशाच्या तेलाची बाटली तारखेवाचून पडून असते. तेलाला खवट वास येऊ लागला, कॅप्सूल मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या, तर त्या टाकून देण्यात संकोच करू नये.

सत्त्व टिकते की जाते, हा प्रश्न नुसत्या बाटल्यांचा नाही, आणि त्याचा विचार करणाऱ्यांत एक मराठी नाव आदराने घेतले पाहिजे. इंदूरला जन्मलेल्या कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर त्यांनी कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा या पेयाचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले, आणि नीरा आटवून गूळ केला तरी ही सत्त्वे त्यात टिकून राहू शकतात हेही त्यांनी दाखविले. लिंडच्या पाकात जे हरवले ते येथे का टिकावे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. पदार्थातील इतर द्रव्ये त्या सत्त्वाचे रक्षण करतात की घात करतात यावर पुष्कळसे ठरते. आवळ्याचेही तसेच आहे. मंडल्याच्या रानांतून हिवाळ्यात येणारा आवळा वाळविला तरी त्यातील 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग टिकतो, कारण त्यातील तुरट द्रव्ये आणि आंबटपणा त्याला ऑक्सिजनपासून जपतात. १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात रक्तपितीवर आवळ्याचा उपयोग यशस्वीपणे केला गेला होता.

आता घरात करावयाचे काय, तो तपशील. गोळ्या शक्यतो पट्टीतल्या घ्याव्यात, कारण पट्टीत एक कप्पा फोडला तरी उरलेल्या गोळ्या बंदच राहतात. त्यातही दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीपेक्षा ओल अधिक रोखते. बाटलीच घ्यावयाची असेल तर दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्यावी, मग ती एकेका गोळीच्या हिशेबाने किंचित महाग पडली तरी चालेल. आत ओल शोषणारी सिलिकाची पुडी असते ती फेकू नये. उलट वाहतुकीत गोळ्या फुटू नयेत म्हणून घातलेला कापूस मात्र उघडल्याबरोबर काढून टाकावा, कारण तो ओल धरून ठेवतो. शीतकपाटात गोळ्या ठेवू नयेत. थंड बाटली बाहेरच्या दमट हवेत उघडली की आत दव जमते, आणि दाराच्या रोजच्या उघडझापीत ते पुनःपुन्हा जमते. ज्या द्रवांवर शीतकपाटात ठेवण्याची सूचना छापलेली आहे त्यांचाच याला अपवाद. उन्हाळ्यात घरातील सर्वांत गार, अंधारी खोली, आणि पावसाळ्यात त्याच खोलीतील वरचे कोरडे कपाट, ही जागा झोपण्याच्या खोलीत बहुधा सापडते. तान्ह्या मुलाच्या 'ड' जीवनसत्त्वाच्या थेंबांची नळी मुलाच्या जिभेला लावू नये, कारण तोंडातले जंतू बाटलीत जातात आणि मग प्रश्न नुसत्या सत्त्वहानीचा उरत नाही.

जुन्या बाटलीतील गोळी बहुधा विषारी होत नाही, ती नुसती दुबळी होते. धडधाकट माणसाने चांगले जेवण जेवून वर अशी गोळी घेतली तर त्याचे फारसे काही बिघडत नाही. पण ज्या गर्भवतीला पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल मिळणे गर्भाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी आवश्यक आहे, जो शाकाहारी वृद्ध ब-१२ च्या गोळीवर विसंबून आहे, ज्या तान्ह्याला आईच्या दुधाशिवाय 'ड' जीवनसत्त्व मिळण्याचा मार्ग केवळ ते थेंब हाच आहे, त्यांच्या बाबतीत दुबळी गोळी म्हणजे न घेतलेली गोळी.

म्हणून एक मागणी येथे करावीशी वाटते. डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या कुपीवर, उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरावे, असा मजकूर छापण्याचे बंधन आपल्या औषध नियमांच्या 'एफएफ' अनुसूचीत आहे. तेथे कारण निर्जंतुकतेचे आहे आणि येथे सत्त्वाचे आहे, हे मान्य. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने उपयोगी पडणारी माहिती एकाच प्रकारची आहे. जी गोळी औषध म्हणून विकली जाते तिच्यावर, आणि जी अन्नपूरक म्हणून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली विकली जाते तिच्यावरही, उघडल्यानंतर किती दिवसांत संपवावी हे कारखानदाराने स्वतः चाचणी करून, आपल्याकडच्या पावसाळ्याची आर्द्रता धरून, देवनागरीत छापावे. तसा नियम होईपर्यंत औषधविक्रेत्याला बाटली देतेवेळी तिच्यावर तारखेची रिकामी चिठ्ठी चिकटवून देता येईल. त्याला त्याचा खर्च पैशापलीकडे जाणार नाही, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून दिंडोरीला परतणाऱ्या माणसाला बाटली कोठे ठेवावी आणि केव्हापर्यंत संपवावी हे दोन शब्द त्याच वेळी सांगता येतील.